पिपेटच्या टोकाशी उरलेला थेंब

शंकुपात्र (धागाकर्ती)

नमस्कार. मी तालुक्याच्या गावी एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. एका साध्या अनुमापनावरून (एका द्रावणात दुसरे द्रावण थोडेथोडे घालून ते नेमके किती लागते हे मोजण्याच्या प्रयोगावरून) आमच्या विभागात आठवडाभर वाद चालू आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

अकरावीच्या वीस विद्यार्थ्यांना दोघादोघांच्या दहा गटांत ऑक्झॅलिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांचे अनुमापन दिले होते. शंकुपात्रात पिपेटने (ठरावीक आकारमान उचलून देणाऱ्या काचेच्या नळीने) घेतलेले १० मिलिलीटर ०.०५ मोलार (म्हणजे लिटरला ०.०५ मोल) आम्ल, दर्शक म्हणून (रंग बदलून शेवट दाखवणारे) फिनॉल्फ्थॅलीन आणि ब्युरेटमध्ये (खाली तोटी असलेल्या, रेघा आखलेल्या उभ्या नळीत) साधारण ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड, अशी नेहमीचीच मांडणी होती. या आम्लाच्या एका मोलला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन मोल लागतात, त्यामुळे उत्तर १० मिलिलीटरच्या आसपास यायला हवे. दोन्ही द्रावणे सर्वांना एकाच बाटलीतून दिली होती. तरीही चार गटांना १०.० ते १०.१, तीन गटांना १०.३ ते १०.४, दोन गटांना ९.६ ते ९.७ आणि एका गटाला तिन्ही वेळा ९.९ असे वाचन मिळाले.

माझा संशय पिपेटच्या शेवटच्या थेंबावर आहे. आमच्यातील काही जण तो थेंब फुंकून पात्रात पाडायला सांगतात, तर काही जण तो तसाच राहू द्यावा म्हणतात, आणि विद्यार्थी ज्याच्या बॅचमध्ये असतील त्याचे ऐकतात. शिवाय आमच्याकडील काही पिपेटवर २७ अंश सेल्सिअस आणि काहींवर २० अंश असे छापलेले आहे, व त्याशेजारी ‘ई-एक्स’ अशी अक्षरे आहेत. या खुणांचा अर्थ आणि त्या थेंबाचा निवाडा जाणकारांनी करावा, ही विनंती.


जुना ताजवा

ताई, मी एका रासायनिक कारखान्याच्या गुणवत्ता प्रयोगशाळेतून निवृत्त झालो आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, पण आपला संशय चुकीच्या ठिकाणी आहे असे मला वाटते. दोन्ही गोष्टी क्रमाने सांगतो.

‘ई-एक्स’ म्हणजे त्या पात्रातून बाहेर पडणारे आकारमान दर्शवलेल्या आकड्याइतके असते. याउलट मोजफ्लास्कवर (गळ्यावर एकच खूण असलेल्या फ्लास्कवर) ‘आय-एन’ असते, म्हणजे खुणेपर्यंत भरल्यावर आत मावणारे आकारमान तेवढे असते. पिपेटची खूण आखतानाच टोकाशी उरणारा थेंब आणि काचेला चिकटून राहणारा पातळ थर हे दोन्ही वजा धरलेले असतात. त्यामुळे अशा पिपेटमधील द्रावण आपल्या वजनाने उतरू द्यावे, शेवटी टोक शंकुपात्राच्या आतल्या भिंतीला टेकवून काही सेकंद थांबावे आणि उरलेला थेंब तसाच राहू द्यावा. तो फुंकला तर आपण १० मिलिलीटरपेक्षा जास्त द्रावण दिले. फुंकून रिकाम्या करायच्या पिपेटही असतात, पण त्यांच्या वरच्या टोकाजवळ तशी वेगळी खूण, बहुधा कड्यासारखी पट्टी, असते. आणि तोंडाने फुंकणे किंवा ओढणे तर मुळीच नको. रबरी फुगा वापरावा.

आता हिशेब. तो उरलेला थेंब १० मिलिलीटरच्या पिपेटमध्ये साधारण ०.०३ ते ०.०४ मिलिलीटरचा असतो. एखाद्या गटाने तो फुंकला, तर ब्युरेटचे वाचन तेवढेच वाढेल, म्हणजे १०.०० च्या जागी १०.०४ येईल. आपल्या ब्युरेटवरील सर्वांत लहान भाग ०.१ मिलिलीटरचा आहे. त्यावर हा फरक डोळ्याला जेमतेम दिसेल. आपल्या वर्गातील फरक ०.३ आणि ०.४ चा आहे, म्हणजे दहापट मोठा. चोरी पोत्याची झाली आहे आणि आपण मूठभर धान्य नेणाऱ्याला पकडून बसलो आहोत.

म्हणून तीन गोष्टींची चौकशी करावी. ज्या गटांचे वाचन जास्त आले, त्यांनी शंकुपात्र कशाने विसळले होते? ज्यांचे कमी आले, त्यांनी ब्युरेट भरल्यावर वरचे नरसाळे काढले होते का? आणि ब्युरेटच्या तोटीखालील टोकात हवेचा बुडबुडा राहिला होता का? पिपेट आणि ब्युरेट ज्या द्रावणाने भरायची त्याच द्रावणाने विसळावी लागते, कारण आत पाण्याचे थेंब असतील तर द्रावण पातळ होते. शंकुपात्राचे नेमके उलटे आहे. त्यात किती मोल आम्ल पडले एवढेच महत्त्वाचे असते. ऊर्ध्वपातित पाणी कितीही असले तरी मोल बदलत नाहीत, पण ते आम्लाने विसळले तर भिंतीला चिकटलेले आम्ल हिशेबाबाहेर आत राहते. नीट न निथळलेल्या पात्रात हे सहज ०.३ मिलिलीटर असू शकते.


पायलीभर

रसायनशास्त्राशी माझा संबंध बारावीनंतर सुटला, पण आजोबांचे धान्याचे दुकान होते, त्यामुळे मापांविषयी दोन शब्द लिहितो.

आमच्याकडे धान्य वजनाने नव्हे, तर मापाने मोजले जाई. दोन निळवी म्हणजे एक कोळवे, दोन कोळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर आणि चार शेर म्हणजे पायली. यातील ‘शेर’ या शब्दाने फार घोटाळा होई, कारण मापी शेर वेगळा आणि ८० तोळ्यांचा वजनी शेर वेगळा. वजनी शेर आजच्या हिशेबाने सुमारे ९३३ ग्रॅम होतो. मापी शेरभर ज्वारी आणि मापी शेरभर पोहे यांच्या वजनात किती अंतर पडते, हे घरात स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. वस्तुमान आणि आकारमान या दोन वेगळ्या राशी आहेत व त्यांना जोडणारी तिसरी राशी म्हणजे घनता, हे मला पुस्तकाने नव्हे, तर त्या दुकानाने शिकवले.

आणखी एक प्रश्न असे तो म्हणजे शीग. माप काठोकाठ भरून हाताने सपाट करायचे की वर शीग ठेवायची, यावर गिऱ्हाईक आणि दुकानदार यांची रोज बोलाचाली होई. मला कुतूहल असे आहे की, काचेच्या नळीतही पाण्याचा पृष्ठभाग सपाट नसतो. मग तुमच्या प्रयोगशाळेत शीग धरतात की नाही?


जुना ताजवा

पायलीभर, आपण नेमका मुद्दा काढलात. पाणी काचेला चिकटते, म्हणून नळीत ते कडांना वर चढते आणि मध्ये खळगा होतो. त्या खळग्याचा तळ जिथे असेल ते वाचन घ्यायचे. पाऱ्याचे उलट आहे. तो काचेला चिकटत नाही, त्याला खरोखरीची शीग येते, आणि तिथे शीगेचा माथा वाचायचा. पोटॅशियम परमँगनेटसारख्या गडद द्रावणात खळग्याचा तळ दिसतच नाही. तिथे वरची कड वाचतात, आणि सुरुवातीचे व शेवटचे अशी दोन्ही वाचने त्याच पद्धतीने घेतली की वजाबाकीत फरक निघून जातो.

डोळा मात्र पृष्ठभागाच्या पातळीतच हवा. ५० मिलिलीटरच्या ब्युरेटवर ०.१ मिलिलीटरच्या दोन रेघांमध्ये जेमतेम एक मिलिमीटर अंतर असते. उंच ब्युरेटकडे खालून मान वर करून पाहिले किंवा ठेंगण्या ब्युरेटकडे वरून वाकून पाहिले, की खळग्याचा तळ शेजारच्या रेघेवर सरकलेला दिसतो. नळीमागे पांढरा कागद आणि त्यावर खळग्याच्या थोडी खाली काळी पट्टी धरली, तर तळाची कड स्पष्ट उमटते. आमच्या वेळी यासाठी आम्ही पोस्टकार्ड वापरत असू.


बारावी ब

सर, मी विद्यार्थी आहे. आम्हाला तीन वाचने सारखी यायला हवीत असे सांगितले जाते. खरे सांगायचे तर पहिले वाचन १०.० आले की पुढची दोन्ही आम्ही १०.० अशीच लिहितो, कारण वेगळे लिहिले तर पुन्हा करायला लावतात. मला एकदा १०.० आणि १०.१ च्या मध्ये पृष्ठभाग दिसला होता, पण १०.०५ लिहायचे धाडस झाले नाही. दोन रेघांमधला आकडा लिहिणे चूक आहे का?


हवेचे वजन

चूक नाही, उलट तेच बरोबर आहे. रेघांवरचा आकडा सर्वांनाच दिसतो. रेघांमधले अंतर डोळ्याने विभागून अंदाजाने लिहिलेला शेवटचा अंक हा तुझ्या मोजमापाचा भाग आहे. १०.० लिहिणारा वाचकाला सांगतो की मला दशांशाच्या पहिल्या स्थानापर्यंतच दिसले, आणि १०.०५ लिहिणारा सांगतो की मी त्याच्या पुढेही पाहिले, पण शेवटचा अंक थोडा डळमळीत आहे. पाठ्यपुस्तकात ‘सार्थ अंक’ या नावाने जे नियम पाठ करायला लावतात, त्यामागे एवढेच आहे.

शेवटचे अंक टाकून दिले तर काय हरवते, याचे एक उदाहरण देतो. ते माझे फार आवडते असल्याने थोडे लांबेल.

इंग्लंडमध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले हे वायूंची घनता मोजत होते. पद्धत दिसायला साधी होती. काचेचा एक मोठा गोल निर्वात करायचा, तोलायचा, ठरावीक तापमानाला व दाबाला त्यात वायू भरायचा आणि पुन्हा तोलायचा. हवेतून ऑक्सिजन, बाष्प व कार्बन डायऑक्साइड काढून टाकल्यावर उरलेला नायट्रोजन त्या गोलात २.३१०२ ग्रॅम भरला. रासायनिक संयुगांपासून तयार केलेला नायट्रोजन त्याच गोलात २.२९९० ग्रॅम भरला. फरक सुमारे ११ मिलिग्रॅमचा, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता. दोन्ही आकडे एका दशांश स्थळापर्यंत लिहिले असते, तर दोन्हीकडे २.३ ग्रॅमच आले असते आणि प्रकरण तिथेच मिटले असते.

रॅले यांनी ते मिटू दिले नाही, कारण आपल्या तोलण्यातील चूक काही दशांश मिलिग्रॅमांपलीकडे जात नाही, हे त्यांनी आधीच तपासले होते. निर्वात केल्यावर बाहेरील हवेच्या दाबाने काचेचा गोल किंचित आक्रसतो, त्याचीही दुरुस्ती त्यांनी हिशेबात धरली होती. १८९२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात पत्र लिहून त्यांनी रसायनशास्त्रज्ञांना अशा फरकाचे कारण विचारले. पुढे विल्यम रॅम्झी यांच्यासह केलेल्या कामातून १८९४ मध्ये आरगॉन हाती लागला. हवेतून मिळवलेल्या नायट्रोजनला जड करणारा आणि हवेत आकारमानाने सुमारे ०.९३ टक्के असलेला हा वायू तोवर सर्वांच्या हातातून निसटत आला होता. सर्वांच्या म्हणजे जवळजवळ सर्वांच्या, कारण त्याच्या शतकभर आधी, १७८५ मध्ये, हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेतील नायट्रोजन विद्युत ठिणग्यांनी संपवत नेला, तेव्हा एक बारीकसा बुडबुडा काही केल्या संपेना. तो मूळ नायट्रोजनच्या १२० व्या हिश्शापेक्षा जास्त नव्हता, अशी नोंद त्यांनी करून ठेवली. नको असलेला बुडबुडा त्यांनी नोंदवहीतून पुसला नाही. १९०४ मध्ये रॅले यांना भौतिकशास्त्राचे व रॅम्झी यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणून बाळा, १०.०५ दिसले तर १०.०५ लिही. पुन्हा करायला लावले तर पुन्हा कर.


विहिरीचे पाणी

मी चंद्रपूर भागात पाण्याच्या तपासणीचे काम करतो. इकडच्या आणि यवतमाळच्या बऱ्याच गावांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास चालणारी मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. या दोन आकड्यांमधले अंतर अर्धा मिलिग्रॅम आहे, आणि गावाला ‘पाणी चालेल’ की ‘पाणी चालणार नाही’ हे सांगणे त्यावर अवलंबून असते. त्यामुळे शिकाऊ मुले पहिल्यांदा येतात, तेव्हा मी त्यांना एकच प्रश्न विचारतो की, लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले तुलनेचे द्रावण कसे तयार कराल?

बहुतेकांचे उत्तर असते, ‘एक मिलिग्रॅम तोलून लिटरभर पाण्यात घालू.’ काटा १० मिलिग्रॅमचे पाऊल दाखवणारा असेल, तर एक मिलिग्रॅम त्याला दिसतच नाही. खरी वाट उलटी आहे. आपल्याला तोलता येईल एवढे जास्त घ्यायचे आणि मग पायरीपायरीने विरल करत यायचे. ०.२२१ ग्रॅम सोडियम फ्लोराइड लिटरभर पाण्यात विरघळवले की लिटरला १०० मिलिग्रॅम फ्लोराइड मिळते, कारण या क्षाराच्या ४२ ग्रॅममध्ये फ्लोराइड १९ ग्रॅम असते. त्यातील १० मिलिलीटर पिपेटने घेऊन पुन्हा १००० मिलिलीटरच्या मोजफ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी घातले की झाले.

पण इथेही काट्याचा विचार सुटत नाही. ०.०१ ग्रॅमचा काटा असेल, तर ०.२२ ग्रॅम तोलताना सुमारे साडेचार टक्क्यांची चूक तिथेच होऊ शकते, आणि पुढची सर्व काचेची भांडी कितीही उत्तम असली तरी ती भरून निघत नाही. तोच काटा वापरायचा असेल, तर २.२१ ग्रॅम घेऊन दहापट तीव्र द्रावण करावे आणि एक पायरी वाढवावी. शाळा-महाविद्यालयांनाही हे लागू आहे. शंभर मिलिलीटर ऑक्झॅलिक आम्ल करण्यासाठी ०.६३ ग्रॅम तोलण्यापेक्षा लिटरभर करण्यासाठी ६.३० ग्रॅम तोलावे. त्याच काट्यावर चूक १.६ टक्क्यांवरून ०.१६ टक्क्यावर येते.

तापमानाचेही सांगतो, कारण धागाकर्त्या ताईंनी २० आणि २७ अंशांविषयी विचारले आहे. तो आकडा म्हणजे कोणत्या तापमानाला खूण खरी आहे, ते तापमान. आंतरराष्ट्रीय प्रथा २० अंशांची आहे, तर उष्ण प्रदेशांसाठी २७ अंश मान्य आहे आणि भारतीय मानकाने तेच घेतले आहे. बोरोसिलिकेट काच फारच कमी प्रसरण पावते. २० अंशांचा एक लिटरचा फ्लास्क २७ अंशांना वापरला, तर त्यात जास्तीचे सुमारे ०.०७ मिलिलीटर मावतील, म्हणजे त्याची काळजी करायला नको. काळजी पाण्याची करावी. २७ अंशांना पाण्याची घनता ०.९९६५ आणि ४० अंशांना ०.९९२२ असते. सकाळी २७ अंशांना तयार केलेले ०.१००० मोलार द्रावण मे महिन्यात दुपारी बंद खोलीत ४० अंशांवर गेले, तर ते ०.०९९६ मोलार होते. कोकणातील वाचकांना हा प्रश्न कमी सतावेल, पण त्यांच्याकडे पावसाळ्यात सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या काट्यावरच ओल शोषून चिकट होतात, तेव्हा फिट्टंफाट. ती ओल आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड यांमुळेच त्याचे द्रावण नुसते तोलून ‘०.१ मोलार’ म्हणता येत नाही, आणि म्हणूनच ऑक्झॅलिक आम्लासमोर त्याची परीक्षा घ्यावी लागते.


तोळा-मासा-गुंज

आमच्या घरी तीन पिढ्या सोनारकाम आहे. वरील चर्चेत तोलण्याचा विषय आला म्हणून लिहितो. रसायनशास्त्राच्या पुस्तकात ज्या गोष्टींना जड नावे आहेत, त्यांना आमच्या पेढीवर साधी नावे आहेत.

रिकाम्या पारड्यांचा काटा मधोमध थांबत नसेल, तर जो फरक असतो त्याला पासंग म्हणतात. वजन करण्याआधी पासंग पाहायचा आणि काढायचा. पुस्तकात ही शून्याची त्रुटी. तेलाचे भांडे ठेवून तेल तोलायचे असेल, तर आधी रिकाम्या भांड्याचा धडा करायचा, म्हणजे त्याच्या तोलाचे काहीतरी समोरच्या पारड्यात ठेवायचे. इलेक्ट्रॉनिक काट्यावरील ‘टेअर’चे बटण म्हणजे धडाच. दोन्ही शब्द आमच्या भाषेत असताना मुलांना ते परके वाटावेत, याचे नवल वाटते.

धड्याची एक खुबी मात्र बटणात नाही. ताजव्याच्या दांडीच्या दोन भुजा अगदी समान नसतील, तर नुसते तोलण्यात फसगत होते. त्यावर उपाय असा की, वस्तू एका पारड्यात ठेवून समोर वाळू घालून तोल साधायचा, मग वस्तू काढून त्याच पारड्यात वजने ठेवत पुन्हा तोल साधायचा. वस्तू आणि वजने दोन्ही त्याच भुजेवर बसल्याने भुजेची लांबी हिशेबातून निघून जाते. फ्रान्समध्ये दशमान पद्धत आखणाऱ्या मंडळींपैकी बोर्दा यांच्या नावाने ही रीत ओळखली जाते.

बारा मासे म्हणजे तोळा आणि आठ गुंजा म्हणजे मासा. तो तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली, आणि आज दुकानात गिऱ्हाईक ‘तोळा’ म्हणते तेव्हा बहुधा १० ग्रॅम समजले जातात. शब्द तोच राहिला, पण त्यातून दीड ग्रॅमहून अधिक सोने गळाले. जुन्या चिठ्ठीवर ‘पाच तोळे’ लिहिले असेल आणि तारीख नसेल, तर तो दागिना किती ग्रॅमचा असावा हे मी सांगू शकत नाही.


जुना ताजवा

तोळा-मासा-गुंज यांना एक पुरवणी जोडतो. बटण दाबून धडा केला की रिकाम्या भांड्याचे वजन कोठेच नोंदले जात नाही, आणि मागाहून शंका आली तर तपासायला काही उरत नाही. आम्ही झाकणाच्या लहान बाटलीत पदार्थ घेऊन बाटलीसकट तोलत असू, हवा तेवढा पदार्थ पात्रात पाडत असू आणि बाटली पुन्हा तोलत असू. वहीत दोन्ही आकडे राहतात, आणि दोन्ही वेळचा पासंग वजाबाकीत आपोआप जातो. दुसरे म्हणजे गरम मूस (पदार्थ तापवण्याचे लहान भांडे) कधीही तोलू नये. तिच्याभोवतीची हवा तापून वर जाते, पारडे उचलले जाते आणि वजन कमी दिसते. शुष्ककात (ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) पुरती थंड होईपर्यंत थांबावे लागते, आणि ते थांबणे हाच विद्यार्थ्यांचा खरा अडसर असतो.

पायलीभर यांच्या शेराची गंमत लिटरच्याही वाट्याला आली होती. १९०१ पासून १९६४ पर्यंत लिटरची व्याख्या एक किलोग्रॅम पाण्याच्या आकारमानावरून होती, आणि ते आकारमान एका घन डेसिमीटरपेक्षा दहा लाखांत २८ भागांनी मोठे निघाले. त्या काळात मिलिलीटर आणि घन सेंटिमीटर काटेकोरपणे एक नव्हते. १९६४ मध्ये लिटर म्हणजे घन डेसिमीटर असे ठरवून तो दुजाभाव मिटवला. प्रयोगशाळेत कोणाचेही यामुळे अडले नव्हते, तरीही मला हे प्रकरण आवडते.


शंकुपात्र

सर्वांची मनापासून आभारी आहे. आज तासाला मुलांशी बोलले. रागावणार नाही असे आधीच सांगितल्यामुळे त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

१०.३ ते १०.४ वाचन आलेल्या तिन्ही गटांनी शंकुपात्र ऑक्झॅलिक आम्लाने विसळले होते. ‘सगळी काचेची भांडी द्रावणाने विसळा’ असे त्यांनी कोणाकडून तरी ऐकले होते, आणि ते कोणीतरी मीच असण्याची शक्यता आहे. ९.६ ते ९.७ आलेल्या दोन्ही गटांची नरसाळी ब्युरेटवर तशीच होती. त्यातून थेंब गळत राहिल्याने ब्युरेटमधील पातळी नकळत वर चढत होती. पाच-सहा थेंब म्हणजे ०.३ मिलिलीटर, हिशेब जुळतो. आम्ही फक्त या दोन गोष्टी दुरुस्त करून प्रयोग पुन्हा केला, तेव्हा नऊ गट ९.९५ ते १०.१० मध्ये आले.

दहावा गट मात्र पुन्हा ९.९० वरच थांबला. तिन्ही वेळा ९.९०. त्या दोन मुलींचे हात इतके स्थिर आहेत की, बाकीच्यांपेक्षा त्यांची वाचने एकमेकांशी जास्त जुळतात. त्यांची सर्व कृती मी शेजारी उभी राहून पाहिली आणि मला एकही चूक सापडली नाही.


जुना ताजवा

त्यांची पिपेट तपासा. दरवेळी तीच वापरतात का? ऊर्ध्वपातित पाण्याने ती भरा आणि सोडलेले पाणी तोला. आपला काटा ०.०१ ग्रॅमचा असेल, तर एकाच झाकणाच्या फ्लास्कमध्ये दहा वेळा सोडून एकदम तोला, म्हणजे काट्याची चूक दहा वेळच्या पाण्यात वाटली जाईल. पाण्याचे तापमान नोंदवा. हवेच्या उत्प्लावक बलासह २६ अंशांना एक मिलिलीटर पाणी काट्यावर ०.९९५७ ग्रॅम दाखवेल.


शंकुपात्र

केले. पाणी २६ अंशांना होते. आधी शेजारच्या गटाची पिपेट घेतली. दहा वेळचे पाणी ९९.५२ ग्रॅम भरले, म्हणजे दरवेळी ९.९९५ मिलिलीटर. मग या मुलींची पिपेट घेतली. ती २० अंशांची जुनी पिपेट आहे आणि तिच्या टोकाचा बारीक टवका उडालेला आहे, जो मला चष्मा लावूनही प्रकाशात धरल्यावरच दिसला. तिच्यातून द्रावण इतरांपेक्षा भरभर उतरते, त्यामुळे भिंतीला जास्त चिकटून राहत असावे. दहा वेळचे पाणी ९८.६७ ग्रॅम भरले, म्हणजे दरवेळी ९.९१ मिलिलीटर.

पिपेट टाकून देणार होते, पण मुलींनी ती मागून घेतली. तिच्यावर चिकटपट्टी लावून त्यांनी ‘९.९१’ असे लिहिले आहे आणि जर्नलमधील जुने वाचन न खोडता त्याखाली हिशेब नव्याने मांडला आहे.